प्रत्यक्ष संख्या आणि अपेक्षित संख्या : काय-वर्ग कसोटीचा शाळेतील उपयोग

(केंद्र संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळा-तपासणीच्या वेळी काही वाक्ये गावोगाव ऐकू येतात. ‘बाजाराच्या दिवशी वर्ग ओस पडतो’, ‘मुलींना गणित जमत नाही’, ‘ओढ्यापलीकडच्या वाडीची मुले वाचनात मागेच राहावयाची’. ही वाक्ये खोटीच असतात असे नव्हे. ती बहुधा न तपासलेली असतात, एवढेच. परंतु न तपासलेले वाक्यही आपले काम करीत राहते. वाडीचा मुलगा मागेच राहणार अशी एकदा समजूत झाली की तो मागच्या ओळीत बसतो, त्याच्यापुढे वाचनाची पाळी कमी वेळा येते, आणि वर्ष संपता संपता तो खरोखरच मागे राहिलेला असतो. मग शिक्षक त्याच वाक्याकडे बोट दाखवून आपले अनुमान खरे ठरल्याचे सांगतो. अशा वाक्याची परीक्षा कागद, पेन्सिल आणि चार अंकी भागाकार एवढ्याच सामग्रीवर करता येते. संख्याशास्त्रात त्या परीक्षेला काय-वर्ग कसोटी म्हणतात. ‘काय’ हे एका ग्रीक अक्षराचे नाव आहे. मराठीतील प्रश्नार्थक ‘काय’शी त्याचा संबंध नाही, जरी कसोटीचे काम प्रश्न विचारण्याचेच असले तरी.

आरंभ चिंचोक्यापासून करणे बरे. चिंचोका मधोमध फोडला म्हणजे एका अंगाने पांढरा व सपाट, दुसऱ्या अंगाने काळपट व फुगीर असा अर्धा भाग हाती येतो. खेड्यातील मुले त्याचा फाशासारखा उपयोग करतात. तो भुईवर टाकला असता पांढरे आणि काळे अंग सारख्याच वेळा वर येते काय? समजा, चौथीच्या मुलांनी असा एक चिंचोका १०० वेळा टाकला आणि ६० वेळा पांढरे, ४० वेळा काळे अंग वर आले. दोन्ही अंगे समान असती तर प्रत्येकी ५० ची अपेक्षा होती. फरक एकीकडे अधिक १०, दुसरीकडे उणे १०. त्यांची बेरीज शून्य येते, म्हणून नुसते फरक मिळवून भागत नाही. त्यांचे वर्ग करावे लागतात. शिवाय ५० अपेक्षित असता १० चा फरक मोठा आणि १००० अपेक्षित असता तोच फरक किरकोळ, म्हणून प्रत्येक वर्गाला त्या त्या अपेक्षित संख्येने भागावयाचे. १० चा वर्ग १००, त्याला ५० ने भागून २. असे दोन रकाने, म्हणून एकूण ४. हाच काय-वर्ग. सारी रीत एवढ्यातच आली.

आता ४ हा आकडा मोठा की लहान? त्यासाठी तयार कोष्टके आहेत, आणि कोष्टकात पाहण्यापूर्वी ‘स्वाधीनता-मात्रा’ ठरवावी लागते. नाव जड असले तरी गोष्ट सोपी आहे. एकूण टाकणी १०० असताना पांढऱ्याचा आकडा कळला की काळ्याचा आपोआप ठरतो. मोकळा आकडा एकच उरतो, म्हणून मात्रा १. या एका मात्रेसाठी कोष्टकातील सीमा ३.८४ आहे. तिचा अर्थ असा : चिंचोक्याची दोन्ही अंगे खरोखर समान असती, तर केवळ योगायोगाने ३.८४ हून मोठा काय-वर्ग शंभरांत सुमारे पाचच वेळा आला असता. येथे ४ आला आहे. तेव्हा अंगे समान असल्याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. यावरून ‘चिंचोका असमान असण्याची शक्यता शंभरांत पंच्याण्णव’ असे मात्र म्हणता येत नाही. ही चूक छापील पुस्तकांतूनही आढळते.

याच चिंचोक्याने आणखी एक गोष्ट शिकवावी. तो दहाच वेळा टाकला व ६ पांढरे, ४ काळे आले, तर टक्केवारी तीच, साठ आणि चाळीस. परंतु काय-वर्ग येतो अवघा ०.४, म्हणजे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून कसोटीत टक्केवारी घालावयाची नाही, प्रत्यक्ष मोजलेल्या संख्याच घालावयाच्या. दहा मुलांच्या वर्गातील ‘साठ टक्के’ आणि तालुक्यातील ‘साठ टक्के’ हे कागदावर सारखे दिसतात, पण त्यांचे वजन सारखे नसते. मासिक अहवालात टक्केवारीचा एकच रकाना भरण्याची जी सवय लागली आहे, तिने हे वजन झाकले जाते.

ही कसोटी इंग्लंडमधील कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली प्रसिद्ध केली, आणि त्या पहिल्याच लेखात फाशांचे उदाहरण होते. वेल्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १२ फासे २६,३०६ वेळा टाकून प्रत्येक वेळी किती फाशांवर ५ किंवा ६ आले याची नोंद ठेवली होती. फासे निर्दोष असते तर एकंदर ३,१५,६७२ पैकी १,०५,२२४ वेळा ५ किंवा ६ यावयास हवे होते. प्रत्यक्षात आले १,०६,६०२ वेळा. हजारी चार-पाचांचा फरक, डोळ्यांना कधीही न दिसणारा. तरी वरच्याच रीतीने दोन रकान्यांचा काय-वर्ग काढला तर तो २७ च्या घरात जातो. फाशांवरील खळगे कोरताना ५ व ६ च्या बाजू किंचित हलक्या होतात, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. मोजणी पुरेशी मोठी असली की बारीकसा कलही कसोटी पकडते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे : संख्या फार मोठी असेल तर अगदी क्षुल्लक, शिकवण्याच्या दृष्टीने निरर्थक असा फरकही सीमा ओलांडतो. फरक योगायोगाचा नाही एवढेच कसोटी सांगते. तो महत्त्वाचा आहे की नाही, हे शिक्षकानेच ठरवावयाचे.

अपेक्षित संख्या दर वेळी समान वाटणीच्याच असतात असे नाही. ग्रेगोर मेंडेल याचे वाटाण्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. ब्रून येथील मठात राहून तो तेथील शाळेत विज्ञान शिकवीत असे. शिक्षकाची पात्रता परीक्षा मात्र त्याला कधीच उत्तीर्ण होता आली नाही. १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधात ५५६ दाण्यांचा हिशेब आहे : गोल पिवळे ३१५, गोल हिरवे १०८, सुरकुतलेले पिवळे १०१, सुरकुतलेले हिरवे ३२. त्याच्या उपपत्तीप्रमाणे ही वाटणी ९ : ३ : ३ : १ अशी असावयास हवी, म्हणजे अपेक्षित संख्या अनुक्रमे ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५. चार रकान्यांतील भागाकार मिळवले की काय-वर्ग ०.४७ येतो. रकाने चार, म्हणून स्वाधीनता-मात्रा ३, आणि तिची सीमा ७.८१. जुळणी उत्तम. उपपत्ती आणि निरीक्षण यांत विरोध नाही, इतकेच येथे म्हणावयाचे. उपपत्ती ‘सिद्ध झाली’ असे ही कसोटी कधीच म्हणत नाही.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. १९३६ साली रोनाल्ड फिशर यांनी मेंडेलचे सारे प्रयोग एकत्र घेऊन तपासले, तेव्हा जुळणी एकंदरीत प्रमाणाबाहेर चांगली आहे असे त्यांना आढळले. योगायोगाने जेवढा चढउतार व्हावयास हवा तेवढाही त्या आकड्यांत नव्हता. त्याचे कारण काय, यावर पुढे पुष्कळ वाद झाला; मेंडेलचे नियम मात्र अबाधित राहिले. शाळेच्या कामात या पुरवणीचा उपयोग आहे. एखाद्या हजेरीपटावर महिनाभर रोज अठ्ठावीस-एकोणतीसच मुले उपस्थित दिसतात, पावसात तेवढीच, सणाच्या दुसऱ्या दिवशीही तेवढीच. असा पट पाहून जुन्या तपासनिसाला समाधान वाटत नसे. खऱ्या संख्या थोड्या खडबडीत असतात.

बाजाराच्या दिवसाचा प्रश्न याच जातीचा आहे. सोमवार ते शनिवार असे सहा वार. गैरहजेरीचा वाराशी काही संबंध नसेल तर ती सर्व वारांवर सारखी वाटली जावी. रकाने सहा, मात्रा ५, सीमा ११.०७. पण येथे दोन खाचखळगे आहेत. एक साधा : महिन्यात सोमवार पाच आले आणि शनिवार चारच भरले, तर अपेक्षित गैरहजेरीही पाचास चार या प्रमाणातच धरली पाहिजे. दुसरा खोल आहे, आणि तेथेच बहुतेकांचा पाय घसरतो. कसोटीत मोजलेली प्रत्येक नोंद दुसरीपासून अलग असावी लागते. तापाने आजारी पडलेला एक मुलगा सहा दिवस आला नाही तर पटावर सहा गैरहजेऱ्या पडतात. पण त्या सहा वेगळ्या घटना नव्हेत, घटना एकच आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची तीन भावंडे तीन महिने नसली तर नुसत्या बेरजेत दोनशेहून अधिक गैरहजेऱ्या जमतील, आणि काय-वर्गाची बेरीज अर्थशून्य होईल. म्हणून या कामासाठी फक्त एका दिवसापुरत्या सुटलेल्या गैरहजेऱ्याच मोजाव्यात, सलग रजा बाजूला काढाव्यात. त्यानंतरही एकाच घरची भावंडे एकाच दिवशी मिळून राहत असतील तर घर हे एकक धरणे अधिक प्रामाणिक होय.

आता वाडीच्या मुलांकडे वळावयाचे. येथे प्रश्न वेगळा आहे : राहण्याचे ठिकाण आणि वाचन या दोन गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत? समजा, एका शाळेत तिसरी-चौथी मिळून ६० मुले आहेत. गावातील ४० व वाडीतील २०. गावातील २८ मुले परिच्छेद अडखळल्याविना वाचतात, १२ वाचू शकत नाहीत. वाडीतील ८ वाचतात, १२ वाचू शकत नाहीत. एकूण वाचणारी ३६, न वाचणारी २४. (हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक शिक्षकाने त्यांच्या जागी आपल्या शाळेचे घालावेत.)

ठिकाणाचा वाचनाशी काही संबंध नसता तर ६० पैकी ३६ हेच प्रमाण दोन्हीकडे दिसले असते. म्हणून प्रत्येक चौकटीतील अपेक्षित संख्या काढताना तिच्या ओळीची बेरीज आणि तिच्या स्तंभाची बेरीज यांचा गुणाकार करून एकूण संख्येने भागावयाचे. ४० गुणिले ३६ भागिले ६० म्हणजे २४. उरलेल्या तीन चौकटी वजाबाकीनेच मिळतात : १६, १२ आणि ८. चारपैकी एक चौकट भरली की बाकीच्या आपोआप भरतात, यावरून स्वाधीनता-मात्रा १ हे दिसतेच. या मात्रेविषयी खुद्द पिअर्सन यांची गफलत झाली होती. अशा चौकटीला ते ३ मात्रा धरीत, आणि १९२२ साली फिशर यांनी ती चूक दाखवून दिली. प्रत्येक चौकटीत फरक ४, त्याचा वर्ग १६. त्याला क्रमाने २४, १६, १२ व ८ यांनी भागून मिळवले असता ०.६७, १, १.३३ आणि २, म्हणजे एकूण ५. सीमा ३.८४. वाडी आणि वाचन यांचा संबंध आहे, असे कसोटी म्हणते.

परंतु एवढ्यावर निकाल लावण्याची घाई करू नये. संख्या लहान असल्या म्हणजे चार चौकटींच्या कोष्टकात काय-वर्ग किंचित फुगून येतो. फ्रँक येट्स यांनी १९३४ साली त्यावर एक दुरुस्ती सुचवली : प्रत्येक फरकातून अर्धा वजा करून मग वर्ग करावा. तसे केले तर ४ ऐवजी ३.५ धरून बेरीज ३.८३ येते, सीमेच्या अगदी आत. तीच मुले, तेच आकडे, आणि एका रीतीने संबंध ‘आहे’, दुसऱ्या रीतीने ‘सांगता येत नाही’. ही दुरुस्ती जरुरीपेक्षा कडक आहे असे पुष्कळ संख्याशास्त्रज्ञ मानतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ३.८४ ही काही शेताची बांधावरची खूण नव्हे, की अलीकडे आपले आणि पलीकडे परक्याचे. सीमेजवळचा आकडा आला की पुढील सत्रात पुन्हा मोजावे, हाच योग्य मार्ग.

मानले की संबंध आहे. तरी कारण कोणते? येथे देवीच्या किंवा पटकीच्या साथी पाहिलेल्या पिढीला परिचित असे उदाहरण उपयोगी पडेल. ग्रीनवुड व यूल यांनी १९१५ साली विषमज्वर आणि पटकी यांवरील लसींच्या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील पटकीच्या एका कोष्टकात लस टोचलेल्या २७९ जणांपैकी ३ जणांना रोग झाला, न टोचलेल्या ५३९ पैकी ६६ जणांना. काय-वर्ग २९.७ च्या आसपास येतो. योगायोगाचा प्रश्नच उरत नाही. तरीही त्या लेखकांनी लसीचा गुण मान्य करण्यापूर्वी अटी घातल्या : टोचलेले आणि न टोचलेले लोक इतर महत्त्वाच्या बाबतींत सारखे असले पाहिजेत, आणि रोगाशी संपर्क येण्याचा संभव दोघांनाही सारखा असला पाहिजे. टोचून घेणारे लोक मुळातच स्वच्छ पाण्याची सोय असलेल्या घरांतले असतील, तर फरकाचे श्रेय लसीला द्यावयाचे की पाण्याला?

हाच प्रश्न वाडीविषयी विचारला पाहिजे. त्याच ६० मुलांचे हजेरी नियमित असलेली व नसलेली असे दोन गट पाडले, आणि समजा पुढीलप्रमाणे चित्र निघाले. नियमित मुलांत गावची ३०, त्यांपैकी वाचणारी २५. वाडीची ६, त्यांपैकी वाचणारी ५. प्रमाण दोन्हीकडे तंतोतंत एकच, सहांत पाच. अनियमित मुलांत गावची १०, वाचणारी ३. वाडीची १४, वाचणारी ३. येथे थोडा फरक दिसतो, पण अपेक्षित संख्या २.५ आणि ३.५ इतक्या लहान आहेत की कसोटी लावण्यात अर्थ नाही. चौकटीतील अपेक्षित संख्या निदान ५ असावी असा सर्वसाधारण संकेत आहे. बेरजा पडताळून पाहाव्यात : २५ आणि ३ मिळून गावची २८, ५ आणि ३ मिळून वाडीची ८. पहिले कोष्टक जसेच्या तसे आहे. पण त्याचा अर्थ पार बदलला. जो वाडीचा मुलगा रोज येतो तो गावच्या मुलाइतकाच वाचतो. वाडीच्या वीस मुलांपैकी चौदा रोज येत नाहीत, एवढाच काय तो भेद. ‘वाडीची मुले मंद’ हे वाक्य या कोष्टकासमोर टिकत नाही.

अर्थात दुसऱ्या एखाद्या शाळेत गट पाडल्यावरही फरक तसाच उरेल. तेव्हा घरची बोली, आईवडिलांचे शिक्षण, किंवा पहिलीच्या वर्षी वर्गाला शिक्षकच नसणे, असे काही कारण शोधावे लागेल. ते शोधताना एक पथ्य पाळावे. प्रश्न आधी लिहून ठेवावा आणि मग मोजावे. मुलांच्या वीस निरनिराळ्या गोष्टी घेऊन वीस वेळा कसोटी लावली, तर काही संबंध नसतानाही सरासरीने एखादी कसोटी सीमा ओलांडतेच, आणि मग ती एकच सर्वांना सांगितली जाते. तसेच या कसोटीत गुण घालू नयेत. ३५ गुण, ६२ गुण ही मोजपट्टीची मापे आहेत, मोजलेली डोकी नव्हेत. ‘वाचतो’, ‘वाचत नाही’ अशी वर्गवारी करून मुले मोजावीत, आणि वाचतो म्हणजे नेमके काय हे मोजणीपूर्वीच ठरवावे. नाहीतर आवडत्या मुलाचे अडखळणे कानावर येत नाही. शक्य असल्यास वाचन ऐकण्याचे काम शेजारच्या शाळेच्या शिक्षकाने करावे, त्याला कोण कोठला हे ठाऊक नसते.

वाडीची चौदा मुले का येत नाहीत, हे शिक्षक आज अंदाजाने सांगतो : कोणी ओढ्याचे पाणी म्हणतो, कोणी गुरे राखणे, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळणे. हजेरीपटात शेऱ्याचा रकाना असतो आणि तो बहुधा कोराच राहतो. ओढ्याला पाणी आल्याचे दिवस त्या रकान्यात जून ते सप्टेंबर तारखेनिशी लिहिले, तर दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पुन्हा एक चार चौकटींचे कोष्टक मांडता येईल : एका बाजूस पाण्याचे व बिनपाण्याचे दिवस, दुसऱ्या बाजूस वाडीतून निम्म्याहून अधिक मुले आली ते व न आली ते दिवस. सलग दिवस एकमेकांशी जोडलेले असतात, तेव्हा आठवड्यातून एकच ठरावीक वार त्यासाठी निवडावा. मग नोंदी थोड्या होतील आणि एका पावसाळ्यात अपेक्षित संख्या पाचापर्यंत पोचणार नाही. ओढ्यापलीकडे वाडी असलेल्या केंद्रातील सर्व शाळांनी तोच वार धरला तर त्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील, मात्र एका कोष्टकात मिळवण्यापूर्वी प्रत्येक शाळेचे कोष्टक वेगळे मांडावे. साकवाची मागणी ग्रामपंचायतीपुढे ठेवताना त्या कोष्टकांची एक प्रत अर्जास जोडावी.